बिनगुलालाचा मार्गशीर्ष

दिवाळी सरली की आमच्या माळावरची हवा बदलते. पहाटे शाळवाच्या पानांवर दव साचतं, द्राक्षबागांत मणी नुकते धरलेले असतात आणि बागाईतदार आभाळाकडं बघत धुक्याला शिव्या देत असतात. तासगावला जाणाऱ्या एसटीच्या काचा बंद असतात, तरी कुठल्यातरी फटीतून थंडी आत येते आणि तिच्याबरोबर कुणाच्यातरी घोंगडीचा वास. मग मार्गशीर्ष लागतो, म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, आणि त्या बाजूनं येणाऱ्या एसटीतून माणसं गुलाबी होऊन उतरतात. भुवयांत गुलाल, बंडीच्या शिवणीत गुलाल, पिशवीतल्या खोबऱ्यावर गुलाल. आमच्या भागात गुलालाशिवाय काही साजरं होत नाही. रथ निघाला की गुलाल, गणपती बुडवला की गुलाल, सरपंच निवडून आला की गुलाल, बैल शर्यत जिंकला की माणसाआधी बैलाला गुलाल.

मी मात्र सातवीत जाईपर्यंत गुलालाला हात लावला नव्हता. आमच्या कॉलनीत तो येतच नसे. लग्नाच्या वरातीत आमच्याकडं झेंडूच्या पाकळ्या उधळायच्या. गणपती बुडवून पोरं घरी आली की आया त्यांना दारातच उभ्या करून कानामागं बघायच्या. शाळेत विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाची डोकी गुलाबी आणि कॉलनीच्या पोरांची तेवढी काळी, तेल लावून चापून बसवलेली. मास्तर म्हणायचे, "आली बघा फिल्मवाली. ह्यांचा देव बी धुवून ठेवलेला असतोय."

कारण आमचे आईबाप फोटोच्या कारखान्यात होते. लोक त्याला फोटोचा कारखाना म्हणत, पण तिथं एकही फोटो निघत नसे. तिथं फोटोचा कागद व्हायचा आणि नंतर नंतर दवाखान्यात लागणारी एक्स-रेची फिल्म. चांदी विरघळवून, जेलाटिनमध्ये कालवून तिचा एक दाटसर लेप बनवत. त्याला सगळे मसाला म्हणायचे. तो मसाला पारदर्शक पट्ट्यावर चढवायचा, तोही अंधारात, आणि वाळेपर्यंत त्याच्यावर धुळीचा कणसुद्धा बसू द्यायचा नाही. कण बसला की ठिपका उठतो. फोटोच्या कागदावर ठिपका उठला तर नवरीच्या गालावर तीळ दिसेल, लोक हसतील आणि सोडून देतील. एक्स-रेवर ठिपका उठला तर तो कुणाच्यातरी फुप्फुसावर दिसतो. डॉक्टरला तो क्षयाचा वाटू शकतो. आमच्या घराघरांत हे वाक्य पोरांना दूधभातासारखं भरवलेलं होतं.

म्हणून गुलाल नाही, भंडारा नाही, तोंडाला पावडर नाही. बायकांनी कुंकवाऐवजी टिकली लावायची, गजरा घरी काढून ठेवायचा. कामावर जाताना आंघोळ, आत गेल्यावर पुन्हा आंघोळ, मग पांढरा कोट, पांढरी टोपी. आई दुसऱ्या पाळीला निघायची तेव्हा तिला साबणाचाच वास यायचा, दुसरा कुठलाच नाही. पुढं बाहेरच्या जगात आले तेव्हा कळलं की आयांना फोडणीचाही वास येतो.

आत अंधारात माणसं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून चालताना प्रत्येकानं काहीतरी आवाज करायचा असा रिवाज होता. 'आलो' म्हणून भागत नसे, कारण आलो म्हणणारे सगळेच. तेव्हा ज्यानं त्यानं आपापला आवाज धरला होता. माझे वडील, आबा, घसा खाकरायचे. आई बांगड्या काढून ठेवलेल्या हातानं भिंत थापटायची. आणि धोंडीनाना, आमचे शेजारी, मेंढरं हाकताना करतात तसा जिभेचा टकटक आवाज करायचे. आई सांगायची, त्या मिट्ट काळोखात नानांची टकटक ऐकू आली की माळावर असल्यासारखं वाटायचं.

तो माळ नानांच्याच लोकांचा होता. कारखाना व्हायच्या आधी तिथं नुसतं गवत होतं, आणि म्हसवडकडून येणारे मेंढपाळ पावसाळा सरला की तिथं मेंढरांचा वाडा बसवायचे. मग सर्वेवाले आले, कोयनेच्या विजेचे खांब आले, खिडक्या नसलेल्या उंच इमारती आल्या. पहिला हुकूम निघाला तो मेंढरांना. मेंढरं चालली की धूळ उडते, तेव्हा कुंपणाच्या आसपास मेंढरू दिसता कामा नये. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. कोणी ठरवलं, कोणाला विचारून ठरवलं, हे विचारायचं मला आजही सुचतं आणि संताप येतो. पण नाना हसून सांगायचे, "आमी मेंढरं इकली, आन आमीच आत गेलो. फरक येवढाच, आमची लोकर काढायच्या आधी आमाला धुवायचे."

माझा संताप घरातून आलेला आहे. आबा युनियनचे चिटणीस होते आणि पत्रकं तेच लिहायचे. आमच्या घरात देव्हाऱ्याखालच्या कपाटात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावर. माझा 'ग' गवताचा नव्हता, गेटसभेचा होता. पत्रकानं मला एक सवय लावली: जे वाईट घडलं त्याचा पत्ता शोधायचा. आपोआप काही घडत नाही. कुणीतरी, कुठंतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून ते ठरवलेलं असतं. ही सवय मला प्रिय आहे. तिच्यामुळं मी पुष्कळ ठिकाणी भांडले आणि पुष्कळ ठिकाणी बरोबरही निघाले. या वर्षी मात्र तिनं मला एका माणसासमोर गप्प केलं.

कारखान्याचा तो शेवटचा मार्गशीर्ष आठवतो तो आधी थंडीनं. त्या वर्षी कॉलनीत लवकर अंधार पडायचा आणि माणसं दिव्याखाली घोळक्यानं उभी राहायची. कारखाना बंद होणार अशी बोलवा होती. मोठमोठ्या दवाखान्यांत संगणकावर छाती बघायची यंत्रं आली होती. कागदाचा विभाग केव्हाच थांबला होता. अशात वरून निरोप आला की सरकारी दवाखान्यांची मोठी मागणी येऊ शकते, नमुन्याचा माल पास झाला पाहिजे. बस्स. त्या 'येऊ शकते'वर सगळी कॉलनी जगायला लागली.

नमुन्याचा रोल रथाच्या आठवड्यात चढवायचा ठरला. एरवी रथाला निम्मा कारखाना रिकामा व्हायचा. माणसं जायची, लांब उभी राहायची, नारळ फोडून, चार आंघोळी करून परत यायची. त्या वर्षी मारुतीच्या पारावर बैठक झाली. कंपनीनं सांगितलं नव्हतं, माणसांनी आपण होऊन ठरवलं: यंदा कुणीच जायचं नाही. तात्यांनी विचारलं, "कबूल?" आणि सगळ्यांनी हात वर केले. मी आईच्या कडेला उभी होते. मला ते हात अजून दिसतात, थंडीनं भेगाळलेले, स्वच्छ.

तात्या म्हणजे कोटिंगचे, मसाला चढवायच्या विभागाचे, फोरमन. नदीकाठचे, उसाच्या गावचे, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. चालणं, बोलणं, दाढी सगळं फौजी. नानांचं आणि त्यांचं मेतकूट होतं. एक मेंढकी, एक ऊसवाला, पण अंधारात एका यंत्राच्या दोन टोकांना उभी राहिलेली माणसं जात विचारून मैत्री करत नाहीत. दर रविवारी दोघं वडाखाली बसून एकमेकांच्या गावाची टिंगल करायचे.

रोल चढला, वाळला, तपासायला गेला आणि ठिपके निघाले. एका कडेनं, बारीक, पण निघाले.

पुढचं मी पाहिलं नाही, पण कॉलनीत ते इतक्यांदा सांगितलं गेलं की पाहिल्यासारखंच आहे. दुपारची कँटीन. उन्हाची तिरीप. नाना जेवायला बसलेले आणि तात्या त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. नानांच्या कानाच्या पाळीमागं, वळीत, कसलातरी रंग होता. तात्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, नानांचा कान धरला आणि पुसला. रुमाल सगळ्यांना दिसेल असा उलगडला. त्यावर बोटभर गुलाबी रेघ होती.

"धोंड्या," तात्या म्हणाले, "बुडवलंस रं."

एवढंच. त्यानंतर तात्या नानांशी कधी बोलले नाहीत.

उन्हाळ्यात कारखाना बंद झाला, आणि ते दोन शब्द आमच्या कॉलनीचा इतिहास होऊन बसले. कोणी ट्रक चालवायला लागलं, कोणी तासगावात बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायला लागलं, कोणाची पोरं पुण्याला गेली. जो तो जाताना नानांच्या दाराकडं एकदा बघून गेला. शिवी कुणी दिली नाही. नळावर नानांच्या बायकोसाठी जागा मात्र होत नसे. माझी आई तेवढी म्हणायची, "आवं नाना, च्या घ्या की," आणि नाना म्हणायचे, "नगं वैनी, आत्ताच घेतला," आणि घेतलेला नसायचा. म्हसवडला ते पुन्हा कधी गेले नाहीत.

आबांनी कारखाना बंद झाल्यावर शेवटचं पत्रक लिहिलं. जळजळीत आहे. मालकांची, मंत्र्यांची, बाजाराची सालटी काढलेली आहेत. त्यात नानांबद्दल एक ओळ नाही. त्यांच्यावर ठपका नाही आणि त्यांचा बचावही नाही. आबा आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही. पण एवढा धीट माणूस तेवढ्या एका ओळीपाशी का थबकला, हा प्रश्न मी मोठी होताना माझ्याबरोबर मोठा झाला.

या वर्षी कारखान्याच्या इमारती पाडायचं ठरलं. तिथं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होणार आहे. खिडक्या नसलेल्या थंड भिंती त्यांना आयत्या चालल्या असत्या, पण जुन्या आहेत म्हणे. पाडण्याआधी जुन्या कामगारांनी फाटकावर एकदा जमायचं ठरवलं, आणि समितीनं मला सांगितलं, चिटणिसाची पोरगी आहेस, कारखान्याचा इतिहास लिही, एका पत्रकात मावेल असा. समितीचे अध्यक्ष तात्या. ते म्हणाले, "एकदम सच लिहायचं. कुणाची भीड न्हाई."

मी लिहिलं. मला वाटलं, या एका ओळीसाठीच मी पत्रकं वाचत मोठी झाले. मी लिहिलं की त्या वर्षी हवा गाळायच्या जाळ्या फाटलेल्या होत्या आणि नव्या आणल्या नव्हत्या. थंडाव्याच्या यंत्राचे सुटे भाग मागवणं बंद झालं होतं. निवृत्त झालेल्यांच्या जागी कुणाला घेतलं जात नव्हतं. ज्यांना कारखाना चालवायचा असतो ते असं करत नाहीत. मी लिहिलं की चिमूटभर गुलालानं कारखाने बंद पडत नाहीत, आणि धोंडीनाना निर्दोष आहेत. शेवटचं वाक्य लिहून मी उठले.

आणि ते घेऊन मी नानांकडं गेले.

नाना कंपाउंडाच्या आत होते, मेंढरांमागं. कुंपण कधीचंच पडलंय. ज्या गवतावर मेंढराची सावली चालत नव्हती तिथं आता मेंढरं मसाला बनवायच्या इमल्शन विभागाच्या पायऱ्यांवर बसून रवंथ करतात. थंडी होती. नानांनी घोंगडीचं एक टोक माझ्यासाठी दगडावर पसरलं.

"वाचू का?"

"वाच की. मेंढरास्नी बी कळू दे."

मी वाचलं. ते काठीनं मातीत रेघा ओढत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "लय झ्याक. बापागत लिवतीस. पन खोटं हाय."

"काय खोटं आहे?"

"मी निर्दोष हाय त्ये. कुनी सांगितलं तुला?"

"नाना, जाळ्या फाटल्या होत्या हे तुम्हीच सांगितलंय मला."

"व्हत्याच फाटलेल्या. आन गुलाल बी व्हता. माझ्या कानात व्हता, तात्याच्या रुमालाला लागला, समद्यांनी बगितला. तू तवा शाळंत पाढं म्हनत व्हतीस."

मी म्हटलं, कानातला गुलाल रोलवर गेला कशावरून. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"आई अंथरुनावर व्हती. म्हनली, धोंड्या, एकडाव रथ बगून ये, तुज्या डोळ्यानं मला दिसंल. मी पारावर हात वर केला व्हता, आन तरी गेलो. लांब हुबा व्हतो, यष्टी स्टँडाच्या भिताडापाशी. वारं आलं. घरी यून अंग सोलून निघंस्तोवर आंघूळ केली. पन आईला समदं सांगितलं, रथ कसा हलला, कळस कसा झळाळला. ती हसली. त्ये माझं हाय, बाय. गेलोच न्हाई, काय झालंच न्हाई, असं लिवून त्ये काढून घिऊ नगंस."

एक मेंढरू मधे घुसलं, त्याला त्यांनी काठीनं हळूच बाजूला केलं.

"मग काय लिहू? कारखाना तुमच्यामुळं बंद पडला असं लिहू?" माझा आवाज चढला होता.

ते इमारतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्ये बी नगं. त्ये बी खरं न्हाई. मला ठावं हाय. समद्यांस्नी ठावं हाय."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"कसं म्हनायचं? वर्सानुवर्सं अंग खरवडलं, पोरांस्नी जत्रा दावली न्हाई. आन तिकडं सायबानं कवाच ठरवून टाकल्यालं? माझ्या कानावर घातलं म्हंजी निदान आमच्या हातात कायतरी व्हतं."

मी पत्त्याच्या शोधात वाढलेली मुलगी. मला कायम वाटत आलं की अन्याय होतो तो दुष्टपणानं किंवा भीतीनं. आमच्या कॉलनीनं नानांवर जे लादलं ते दुःखातून आलं होतं. आपण खरंच एवढे बिनमहत्त्वाचे होतो का, या प्रश्नापुढं उभं राहण्यापेक्षा एका माणसाकडं पाठ फिरवणं सोपं होतं. आणि त्या माणसानं ते समजून उमजून अंगावर वागवलं, कारण तोही त्यांच्यातलाच होता, त्यालाही त्या प्रश्नाचं उत्तर नको होतं. आबा कुठं थबकले ते मला तिथं, मेंढरांच्या वासात, थोडंसं कळलं. त्यांना दोष आणि ठपका वेगळा काढता आला नसावा. मलाही आला नव्हता. मी ठपका पुसायला निघाले होते आणि त्याच्याबरोबर नानांनी आईसाठी पाहिलेला रथही पुसत होते. मला आबांची कीव आली, आणि मालकांवरचा रागही गेला नाही. एवढा मोठा कारखाना उभारणारी माणसं आपला निर्णय उघड सांगत नाहीत, आणि ते न सांगितल्याचा भार एका मेंढपाळाच्या कानावर येतो. ज्यांनी सांगितलं नाही त्यांचा पत्ता मी शोधतच राहीन. पण तो राग नानांच्या जिवावर फेडायचा नाही.

"तुझी शाई हाय," नाना म्हणाले. "माझं बी दोन शब्द टाक. माझ्या नावानं. तू मधे पडू नगंस."

त्यांनी सांगितले ते दोन शब्द मी लिहून घेतले, माझी शेवटची ओळ खोडली, आणि त्यांचं बोलणं चौकटीत घातलं. तासगावच्या छापखान्यातून कच्ची प्रत आली ती रिवाजाप्रमाणे अध्यक्षांकडं, तात्यांकडं गेली. दोन दिवसांनी परत आली. कुठंही खूण नव्हती, शेरा नव्हता.

जमायचा दिवस रथाच्या आदल्या रविवारी होता. फाटकावर मांडव घातलेला, चहाचं पातेलं चढवलेलं. माणसं ओळखू येत नव्हती आणि मग एकदम येत होती. टक्कल पडलेल्या, दात गेलेल्या चेहऱ्यांतून एखादं हसू जुनं निघायचं. माझी आई आणि पॅकिंगच्या बायका एकमेकींचे हात हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या. "काय गं, कुंकू लावाय लागलीस व्हय?" कुणीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या.

पत्रकं मी वाटणार होते. नानांनी गठ्ठा माझ्या हातातून घेतला. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा. पूर्वी गेटसभेला वाटायचे तशी फाटकाच्या खांबाशी उभं राहून एकेकाला देऊ लागले. माणसं घ्यायची, वाचत पत्रकातल्या चौकटीपाशी यायची आणि मान खाली घालून पुढं जायची. एकानं नानांच्या दंडाला नुसता हात लावला. एकानं पत्रक घडी करून खिशात घातलं. गठ्ठा कमी होत होता, आणि मांडवात पुढच्या खुर्चीवर, छातीवर पदकं लावून, तात्या बसलेले होते. त्यांना अजून कुणी पत्रक दिलेलं नव्हतं.

नाना चालत त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांनी कागद पुढं केला.

"काय हाय?" तात्या म्हणाले. मांडवातलं बोलणं बारीक झालं.

"पत्रक. पोरीनं इतिहास लिवलाय."

तात्यांनी कागद घेतला नाही. "लय बारीक छापलंय. चष्मा न्हाई आणला. तूच वाच."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला दिसत होता, नानांनाही दिसत असणार. नानांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. आधी बोट फिरवून चौकट शोधली. त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा सपाट निघाला.

"गुलाल माझा होता."

मग ते थांबले. पुढची ओळ त्यांच्यासमोर होती, त्यांचीच होती, आणि ती तोंडातून निघेना. मी पुढं होणार होते, आईनं माझं मनगट धरलं.

तात्या खांबापलीकडं, खिडक्या नसलेल्या त्या इमारतीकडं बघत होते. तिकडंच बघत ती पुढची ओळ त्यांनीच म्हटली, "कारखाना तुझ्यामुळं बंद पडला न्हाई."

आणि शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली.

"बस, धोंड्या. बसून वाच पुढचं."